भेदरांची तपासणी

अकरा झाडं. सांदवाडीत, न्हाणीच्या मोरीपासून चार हातांवर.
कार्तिक लागला आणि शेंडे वळू लागले,
कुणी कान पिळून सोडून दिल्यासारखे.

ही म्हणाली,
"तुमी लोकायचे ताप पायत हिंडले एकोणतीस वर्स,
घरचे भेदरं नाई पायवत काय?"

खरं आहे. मी मलेरियाचा.
सायकल, काचपट्ट्यांची पेटी, बोटाला सुई,
आणि दर घराच्या भिंतीवर तारीख घालून सही.
ताप कधीपासून? थंडी वाजते? एक दिवसाआड?
बाहेरगावी गेले होते काय कुठं?
झाड यातलं काही सांगत नाही.
त्याला विचारायचं तर उकिडवं बसावं लागतं,
गुडघे वाजवत, त्याच्या उंचीला.

तोवर अर्धं गाव निदान करून गेलं.
कवडू म्हणाला चुरडामुरडा, उपट अन् जाळ.
इंदूबाईनं मोरीच्या साबणाला धरलं.
कृषी केंद्राच्या पोरानं मोबाइलवर फोटो पाहिला
आणि तीन बाटल्यांची नावं सांगितली, तिन्ही महाग.
शालिक, ज्याच्या दारात तुळससुद्धा टिकत नाही,
लांबूनच बोलला: मर हाय.

मी पान उलटं केलं, भिंग धरलं.
शेंडा हलवला. पांढरी माशी असती
तर चिमूटभर पीठ उडाल्यासारखी उडाली असती.
काही उडालं नाही.
डाग नाहीत, करपल्याची वर्तुळं नाहीत.
मग त्यातलं सगळ्यात वाईट झाड निवडलं,
खोड तिरपं कापलं, पाण्याच्या गिलासात लोंबतं धरलं.
मर असली की कापातून दुधाची बारीक धार सुटते;
मडावी मॅडमनं एकदा
ग्रामपंचायतीच्या ओट्यावर करून दाखवलं होतं.
पट्टीचा रिपोर्ट यायला आठवडा लागायचा.
इथं दहा मिनिटं.
पाणी नितळच राहिलं.
(हिनं तो गिलास नंतर तीन डाव घासला.)

मग पुन्हा माझाच पहिला प्रश्न. कधीपासून?
खालची पानं धड होती. वरचीच अरुंद,
चिरगुटासारखी, शिरा एकमेकींना खेटून.
म्हणजे एक दिवस होता.
त्याच्या आधीचं पान निरोगी, नंतरचं नाही.
वरून मोजत आलो. सहावं पान.
पाडव्यानंतरचा तिसरा की चौथा दिवस.

त्या दिवशी निंबोळी अर्क मारला होता. मीच.
सांजेला, वारा पडल्यावर, हातांत पिशव्या बांधून,
सगळं नियमानं.
पंप पुतण्याचा. रेवनाथनं त्याच दुपारी
धुऱ्यावरचं गवत जाळून आणून दिलेला.
"खंगारला काय रे?"
एवढं विचारायचं राहिलं होतं. मला. विचारणं ज्याचं पोट होतं.

गेलो, टाकीचं झाकण उघडलं.
तळाला अजून तो वास, गोडसर, रॉकेलच्या जवळपासचा.

आमच्या वहीत एक रकाना असायचा, लागण कुठून आली त्याचा.
मी तिथं नेहमी दुसरीकडची नावं भरली:
वीटभट्टी, तेलंगणातली मिरचीतोड,
कुणाच्या तरी सासरचं जंगल.

रात्री हिला सांगितलं. ती भाकर उलटवत होती.
"मंग? आता काय होते त्याईचं?"
"नवं पान सरळ आलं तर जगलं म्हणायचं."
"पंप धुतला?"
"सोड्यानं. तीन पाण्यानं."
ती पुढची भाकर थापायला लागली.

सकाळी पाहतो तर दहाही झाडांना
शेंड्याखाली एकेक चिंधी बांधलेली,
तिच्या जुन्या हिरव्या लुगड्याची, सैल गाठीची,
कुठून पुढं नवं मोजायचं ते कळावं म्हणून.

चिंधीच्या वर अजून काही नाही.
म्हणजे आहे, पण वाकडं की सरळ
हे इतक्या लहानपणी सांगता येत नाही.
सोमवारी बाजारातून ती पावशेर भेदरं आणते
आणि माझ्यासमोर निवडत बसते,
एकेक, देठाशी दाबून.